घोड्याची किंमत आणि यंत्राचा निवाडा

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला चाली सांगून झाल्या, म्हणजे हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे, की दुसरा धडा येतो तो बाजारभावाचा. प्यादे एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला भाव नाही, कारण तो विकावयाचा नसतो. हे कोष्टक एका संध्याकाळी पाठ होते आणि पुढे कित्येक वर्षे खर्चून ते मोडून काढावे लागते. बरा खेळाडू आणि चांगला खेळाडू यांतले अंतर पुष्कळदा एवढेच असते की चांगल्याला हे कोष्टक कधी विसरावे ते कळते.

आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो मात्र माणसाच्या विसरण्याचा नव्हे. हेच कोष्टक संगणकालाही शिकवले गेले होते, आणि सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत त्यानेही ते टप्प्याटप्प्याने टाकून दिले. ही कथा बुद्धिबळाच्या मासिकांत तंत्राची कथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती मूल्यमापनाची कथा आहे, आणि म्हणून पुस्तके, चित्रे, नाटके यांच्याबद्दल बरेवाईट लिहिण्याचा उद्योग करणाऱ्या आपल्यासारख्यांशी तिचा संबंध पोचतो.

भाव ठरविण्याची हौस जुनी आहे. शतरंजावर लिहिणाऱ्या मध्ययुगीन अरब लेखकांनी मोहऱ्यांच्या किमती चक्क दिरहमांत मांडल्या होत्या. कोपऱ्यातल्या रुखाचा, म्हणजे आपण ज्याला हत्ती म्हणतो त्याचा, एक दिरहम, आणि बाकीच्यांचे त्याचे अंश. (त्यांचा ‘फील’, म्हणजे हत्ती, आपल्या उंटाच्या जागी उभा असे आणि त्याची किंमत फारच थोडी होती. जनावरांची ही अदलाबदल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) इंग्लंडात हॉवर्ड स्टाँटनच्या १८४७ च्या हस्तपुस्तिकेत घोडा ३.०५, उंट ३.५०, हत्ती ५.४८ आणि वजीर ९.९४ असे आकडे आढळतात. दशांशचिन्हानंतरची ती दोन स्थळे पाहून हसू येते खरे. पण ते हसू आवरून ठेवलेले बरे, कारण हा घोडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

संगणकाच्या बाजूने पहिली नीट मांडणी १९५० मध्ये क्लॉड शॅनन याने केली. पटावरील स्थिती पाहून एक आकडा देणारे एक सूत्र त्याने सुचविले. त्यात राजाला २००, वजिराला ९, हत्तीला ५, घोडा-उंटांना ३ आणि प्याद्याला १ असे गुण होते. जोडप्यादी, मागे राहिलेली व एकाकी पडलेली प्यादी यांबद्दल अर्धा-अर्धा गुण वजा. आणि करता येण्याजोग्या प्रत्येक खेळीमागे एक दशांश गुण जमा. हे सूत्र ढोबळ आहे, नमुन्यादाखल आहे, हे शॅननलाही ठाऊक होते. पण त्यामागची कल्पना पुढे कित्येक दशके टिकली. ती अशी की स्थितीची किंमत म्हणजे मोहऱ्यांच्या किमतींची बेरीज, अधिक काही किरकोळ दुरुस्त्या. मोहऱ्याला स्वतःचे असे मोल आहे आणि ते तो जिथे जाईल तिथे खिशात घेऊन जातो, हे त्यात गृहीत होते.

हे गृहीतक कुठे कोसळते हे पाहावयाचे तर १९५३ सालच्या झुरिक येथील आव्हानवीर स्पर्धेतील रेशेव्स्की विरुद्ध पेट्रोशियन हा डाव काढावा. पांढऱ्याची मधली दोन प्यादी जोडीने पुढे सरकू पाहत होती, आणि ती सरकली असती तर काळ्याचा डाव हळूहळू चिरडला गेला असता. पंचविसाव्या खेळीला पेट्रोशियनने आपला हत्ती उचलून ई६ या घरात ठेवला, जिथे पांढऱ्या उंटाला तो मारता येत होता. त्या हत्तीने कोणाला शह दिला नाही, कशावर हल्लाही केला नाही. तो केवळ त्या प्याद्याच्या वाटेत बसला; आणि त्याने मोकळी केलेली जागा वापरून काळा घोडा ई७ वरून डी५ वर जाऊन असा ठाण मांडून बसला की त्याला तिथून हुसकावणारे प्यादेच पांढऱ्याजवळ उरले नाही. पांढऱ्याने हत्ती मारला, आणि पुढे लवकरच आपलाही हत्ती उंटासाठी देऊन हिशेब परत केला. डाव बरोबरीत सुटला.

आता शॅननच्या सूत्राने हे मोजून पाहा. हत्तीचे पाच गेले, उंटाचे तीन आले. दोन गुणांचा तोटा. हा तोटा केवळ हालचालीच्या मोकळेपणाने भरून काढावयाचा तर दर खेळीमागे एक दशांश या दराने काळ्याला वीस जादा खेळ्या उपलब्ध व्हावयास हव्यात. त्या कुठून येणार? कोणी म्हणेल, यंत्राला पुरेसे पुढचे दिसले असते तर त्याला ही खेळी सापडली असती. पण पुढे दिसण्यासारखे तिथे काही नव्हतेच. दहा खेळ्यांनंतर गेलेला हत्ती परत मिळेल, मात होईल, वजीर अडकेल, असे काहीही नाही. मोबदला होता तो एका घोड्याच्या बसण्यात. त्या घरात बसलेला तो घोडा तीन गुणांचा राहिला नव्हता आणि समोरचे हत्ती पाचांचे राहिले नव्हते, कारण त्यांना फिरायला मोकळी पट्टीच नव्हती. बेरीज चुकली नव्हती. आकडे एकट्यादुकट्या मोहऱ्यांचे होते, हा दोष होता.

ह्या दोषाची पहिली शास्त्रशुद्ध दखल घेणारा माणूस म्हणजे लॅरी कॉफमन, आणि आमच्या या लेखाचा खरा नायक तोच. १९६७ मध्ये ‘मॅक हॅक’ या अमेरिकी आज्ञावलीला डावाच्या आरंभीच्या खेळ्या पुरविण्यापासून या माणसाचा यंत्रांशी संबंध. पुढे ‘रिब्का’ आणि ‘कोमोडो’ या इंजिनांच्या मूल्यमापनात त्याचा हात. आणि २००८ मध्ये ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा जिंकून, साठी उलटल्यावर, ग्रँडमास्टर झालेला खेळाडू. मार्च १९९९ मध्ये ‘चेस लाइफ’ या अमेरिकी मासिकात त्याने मोहऱ्यांच्या विषम अदलाबदलींवर एक लेख लिहिला. पद्धत साधी होती. बलवान खेळाडूंच्या प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांचा मोठा संग्रह घ्यावयाचा. त्यातून अशा स्थिती निवडावयाच्या की जिथे एका बाजूला, समजा, दोन उंट आहेत आणि दुसऱ्या बाजूला उंट व घोडा, आणि ही तफावत काही खेळ्या टिकली आहे, म्हणजे ती मारामारीच्या मधली क्षणिक अवस्था नव्हे. आणि मग पाहावयाचे की खेळाडूंच्या मानांकनावरून जेवढे गुण अपेक्षित होते त्यापेक्षा त्या बाजूला किती अधिक मिळाले. एवढेच.

निघालेले आकडे असे. घोडा सव्वातीन, उंटही सव्वातीन, हत्ती पाच, वजीर पावणेदहा. आणि दोन्ही उंट जोडीने शिल्लक असतील तर त्या जोडीबद्दल अर्धे प्यादे वेगळे. म्हणजे एकट्या उंटाची घोड्यावर काही मातब्बरी नाही. पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या ‘उंट जरा वरचढ’ असे जे सांगितले जात होते ते खरे तर जोडीचे मोल होते आणि ते चुकून एकेकट्याच्या नावावर मांडले जात होते. ही आम्हांला फार सुंदर गोष्ट वाटते. मोल मोहऱ्यात नव्हते, दोघांच्या संगतीत होते, आणि एक मारला गेला की उरलेल्याजवळ त्यातला निम्मा वाटाही राहत नव्हता.

याहून सूक्ष्म दुरुस्ती प्याद्यांची. आपली पाचांहून जितकी अधिक प्यादी पटावर असतील तितके घोड्याचे मोल दर प्याद्यामागे एक सोळांशाने चढते आणि हत्तीचे एक अष्टमांशाने उतरते; पाचांहून कमी असतील तर उलट. वाचकहो, हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. आठही प्यादी असताना हत्ती चार पूर्णांक पाच अष्टमांश आणि घोडा जवळपास साडेतीन, म्हणजे दोघांतला फरक सव्वा प्याद्यापेक्षाही कमी. दोनच प्यादी उरली की हत्ती सव्वापाचाच्या वर जातो, घोडा तीनाच्या जरासा वर राहतो आणि फरक सव्वादोनाच्या पुढे. त्याच दोन मोहऱ्यांमधले अंतर त्याच डावात जवळजवळ दुप्पट होते. पेट्रोशियनने हत्ती देऊ केला तेव्हा पट प्याद्यांनी बऱ्यापैकी भरलेला होता, हे येथे आठवावे.

कॉफमनचे हे आकडे आणि जुने ३-३-५-९ यांत वरवर पाहता फार फरक नाही. पण विचाराची जात बदलली. ‘घोड्याची किंमत किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘शेजारी कोण आहे?’ असे आले. इंजिने लिहिणाऱ्यांनी हे तत्काळ उचलले. २००८ मध्ये ‘ग्लाउरुंग’ या आज्ञावलीतून ‘स्टॉकफिश’ निघाले. त्यात टॉर्ड रोमस्टाड याने बसविलेले द्विघाती सूत्र अनेक वर्षे होते. त्यात एकेका मोहऱ्याचे गुण तर होतेच, शिवाय प्रत्येक दोन प्रकारांच्या संख्यांचा गुणाकार होता आणि त्या गुणाकाराला स्वतंत्र सहगुणक. घोडे आणि आपली प्यादी यांच्या गुणाकाराला मोठा धन आकडा. हत्ती आणि हत्ती यांच्या गुणाकाराला ऋण, कारण दुसरा हत्ती पहिल्याचेच काम पुन्हा करतो. वजीर आणि हत्ती यांनाही ऋण. हे सहगुणक २०१३ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून घासूनपुसून घेतले गेले. कोणीही ती संहिता उघडावी, आकड्यांचे ते त्रिकोणी कोष्टक पाहावे, आणि एकेका आकड्याला ‘का?’ असे विचारावे. बहुतेकांना माणसाच्या भाषेत उत्तर देता येत असे. आमच्या मते यंत्राचा निवाडा आणि माणसाची समज यांची एवढी जवळीक त्यापूर्वी नव्हती आणि त्यानंतर राहिलेली नाही.

नंतरचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. २०१७ च्या डिसेंबरात ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिशविरुद्ध शंभर डाव खेळून अठ्ठावीस जिंकले, बाकीचे बरोबरीत सोडविले, आणि तेही प्यादी अशी उधळून की जणू त्याला कोणी कोष्टक शिकवलेच नव्हते, जे शब्दशः खरे होते. २०२० मध्ये स्टॉकफिशनेही जपानी शोगीच्या क्षेत्रातून आलेले यू नासू याचे न्यूरल जाळे स्वीकारले. या जाळ्याच्या पहिल्या रूपात स्थिती मांडली जात होती ती ‘आपला राजा अमुक घरात असता तमुक मोहरा तमुक घरात’ अशा सुमारे एक्केचाळीस हजार शक्यतांच्या रूपाने. म्हणजे घोड्याला एक किंमत नाही. राजाच्या प्रत्येक घरागणिक आणि स्वतःच्या प्रत्येक घरागणिक त्याचा वेगळा अंश, आणि ते सारे पुढे एकमेकांत मिसळून एक आकडा. २०२३ मध्ये हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन संहितेतून काढूनच टाकले गेले आणि रोमस्टाडचे ते कोष्टकही इतिहासजमा झाले.

खेळ सुधारला, यात वाद नाही. जुन्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांत आम्हांला गणू नये. मात्र एक गोष्ट गेली. आता आकड्याला ‘का?’ विचारले तर उत्तर नाही. शेकडो गाठींतून लाखो अंकांचा एक झुळझुळता प्रवाह जातो आणि शेवटी ‘अधिक शून्य पूर्णांक चार’ असे काही बाहेर पडते. निवाडा आहे, न्यायपत्र नाही.

२०२० मध्येच अल्फाझीरोच्या निर्मात्यांनी, माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक याच्या सोबतीने, यंत्राच्या स्वतःशी खेळलेल्या डावांवरून मोहऱ्यांच्या किमती पुन्हा काढल्या. घोडा ३.०५. दोन्ही आकड्यांची वाट इतकी वेगळी की या योगायोगातून काही सिद्ध करण्याचा मोह आम्ही टाळतो. पण व्हिक्टोरियन काळातल्या त्या दशांशांना हसणाऱ्यांनी जरा थबकावे. उंट तिथे ३.३३ निघाला, हत्ती ५.६३, वजीर साडेनऊ. प्रत्येक स्थितीत ज्याची किंमत वेगळी ठरते त्या मोहऱ्याची सरासरी काढली की पुन्हा शाळेच्या कोष्टकाच्या आसपासच आपण येतो. कोष्टक खोटे नव्हते. ते सरासरीचे होते, आणि डाव मात्र कधीच सरासरी स्थितीत खेळला जात नाही.

याहून महत्त्वाचा, आणि आमच्या मते पुरेशी चर्चा न झालेला, बदल २०२२ च्या अखेरीस झाला. तोवर इंजिनाचा आकडा निदान नावापुरता प्याद्यांत मोजलेला असे. ‘अधिक एक’ म्हणजे एका प्याद्याची आघाडी. जाळे आल्यावर हे एकक डळमळले, कारण जाळ्याच्या लेखी प्याद्याला तरी एक किंमत कुठे होती? तेव्हा स्टॉकफिशने आकड्यांची मोजपट्टीच बदलली. आता ‘अधिक एक’ म्हणजे ती बाजू जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. कोणाच्या डावात? इंजिनाने इंजिनाशीच खेळलेल्या डावात.

येथे आमचा आक्षेप सुरू होतो, आणि तो इंजिनावर नाही. कॉफमनचा अर्धा गुण माणसांच्या डावांतून आलेला होता. ‘उंटांची जोडी असेल तर अर्धे प्यादे’ या वाक्याचा अर्थ, त्या तोडीच्या माणसांच्या हातून असे घडत आले आहे, असा होता. आजचा आकडा सांगतो की न थकणारी, न घाबरणारी, घड्याळाकडे न पाहणारी दोन समान यंत्रे येथून खेळली तर काय होईल. हा अर्थ सांगितला जात नाही. स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणात पटाच्या कडेला पांढरा-काळा पट्टा उभा असतो. तो खालीवर होतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे पाहून ठरवितात की पटावरच्या जिवंत माणसाने घोडचूक केली. पेट्रोशियनच्या हत्तीची गोष्ट आज घडली असती तर ई६ वर हत्ती ठेवताच हजारो डोळे प्रथम पट्ट्याकडे वळले असते. पट्टा हलला नसता तर टाळ्या, हलला असता तर हळहळ. आणि डी५ वरच्या घोड्याचा विचार दोन्ही वेळी कोणी केला नसता.

यावर प्रतिवाद होतो तो असा: माणसांनी दिलेली कारणे तरी कुठे खरी होती? ‘उंट जरा वरचढ’ हेही एक कारणच होते, आणि आकड्यांनीच ते खोडले. हे आम्हांला मान्य आहे. कारणे चुकतात. पण चुकलेल्या कारणाशी वाद घालता येतो, आणि कॉफमनने घातला तो तोच. आकड्याशी वाद घालावयाचा तर फक्त दुसरा, मोठ्या यंत्राचा आकडा आणावा लागतो. पुस्तकाला पाचपैकी साडेतीन तारे देणाऱ्या परीक्षणाची जी अडचण आहे तीच ही. तारे चूक आहेत असे नव्हे, पण त्यांच्याशी बोलता येत नाही. फरक इतकाच की बुद्धिबळात तारे देणारा परीक्षक आपल्या सगळ्यांहून निर्विवादपणे चांगला वाचक आहे, आणि म्हणूनच त्याच्या मौनाची भुरळ अधिक पडते.

तेव्हा भाष्यकारांकडून आमची मागणी माफक आहे. पट्टा दाखवावयाचा तर दाखवा, पण त्यासोबत हा आकडा कोणाच्या डावाचा आहे हे सांगा. आणि तफावतीची स्थिती आली, म्हणजे वजिराविरुद्ध तीन लहान मोहरे, हत्ती-प्याद्याविरुद्ध दोन मोहरे, की आकडा बाजूला ठेवून प्याद्यांची संख्या, उंटांची जोडी, हत्तींना मोकळ्या पट्ट्या, घोड्याला पक्के घर, हे चार प्रश्न विचारा. पहिल्या दोहोंची उत्तरे मोजून देता येतात आणि ती कॉफमनच्या लेखात सापडतील. पुढच्या दोहोंसाठी पटाकडेच पाहावे लागेल.

आणि यंत्र अगदीच मुके आहे असेही नाही. स्टॉकफिशच्या संहितेत आजही केवळ मोहऱ्यांची बेरीज करणारे एक लहानसे सूत्र शिल्लक आहे. स्थिती इतकी एकतर्फी आहे काय की लहान जाळ्यानेच काम भागेल, एवढे ठरविण्यापुरते ते उरले आहे. शॅननचा वारसा दारावरच्या पहारेकऱ्याचे काम करतो आहे म्हणा. याखेरीज एक सोय आहे, ती फारसे लोक वापरीत नाहीत. इंजिनाला मूल्यमापनाचा तपशील विचारला तर ते पट काढून दाखविते आणि प्रत्येक मोहऱ्याखाली त्या स्थितीतली त्याची किंमत लिहिते. ती काढण्याची रीत अशी की तो मोहरा पटावरून क्षणभर उचलावयाचा, उरलेल्या स्थितीचा आकडा घ्यावयाचा, आणि दोहोंतला फरक त्याच्या नावे मांडावयाचा. एकाच रंगाचे दोन घोडे तिथे दोन वेगवेगळ्या किमतींचे निघू शकतात. ज्याला सवड आहे त्याने पेट्रोशियनचा तो डाव घरी मांडावा, डी५ वर घोडा पोचेपर्यंत यावे, आणि तो व पांढऱ्याचे दोन्ही हत्ती यांच्याखाली काय लिहून येते ते पाहावे.